प्रवासाच्या छायाचित्रात माणसाची जागा

सहल आटोपून आलेल्या कुटुंबाचे फोटो पाहण्याचा प्रसंग आपणा सर्वांवर केव्हा ना केव्हा येतो. 'प्रसंग' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. दाखवणाऱ्याचा उत्साह दांडगा असतो, आणि पाहणाऱ्याला दहाव्या फोटोनंतर जांभई आवरत नाही. प्रत्येक फोटोत एक देऊळ, एक किल्ला किंवा एक धबधबा, त्याच्या पायथ्याशी माणसांची एक रांग, आणि दाखवणाऱ्याचे बोट त्या रांगेवर टेकलेले : "ही आमची मंडळी, हा धाकटा, आणि तो कडेचा मी." बोट टेकवावे लागते, कारण सांगितल्यावाचून कोणी ओळखू येत नाही. ह्यावर लोकांचे म्हणणे असे असते की, आमचा फोन स्वस्तातला, चांगला कॅमेरा असता तर गोष्ट वेगळी होती. ह्या म्हणण्यात तथ्य फार थोडे आहे. आज साध्या फोनला जे भिंग असते, ते आपल्या कामाला पुरून उरते. चूक होते ती माणूस कुठे उभा करावा आणि आपण कुठे उभे राहावे ह्या निर्णयात. आणि तो निर्णय घ्यायला पैसे पडत नाहीत.

आपल्याच तालुक्यातले उदाहरण घेऊ. 11 मार्च 1795 रोजी मराठे आणि निजाम यांची लढाई झाली ते खर्डा आपल्याला परके नाही. तेथील भुईकोटापाशी 2021 सालच्या दसऱ्याला 74 मीटर उंचीचा भगवा ध्वज उभारण्यात आला. बघायला जाणाऱ्या कुटुंबाची साहजिकच इच्छा असते की, ध्वज बुडापासून शेंड्यापर्यंत यावा आणि घरची माणसेही यावीत. मग माणसांना खांबाच्या बुडाशी उभे करतात आणि फोन धरणारा मागे मागे सरकू लागतो. फोन उभा धरला आणि वर कलता केला नाही, तर सगळा खांब चौकटीत मावण्यासाठी त्याला सुमारे 107 मीटर, म्हणजे जवळजवळ दीडशे पावले मागे जावे लागते. तिथून चौकटीत साधारण 148 मीटर उंचीचे दृश्य मावते. साडेपाच फुटांचा माणूस त्यात नव्वदावा हिस्सा झाला. नेहमीच्या फोनच्या फोटोत उभ्या बाजूला 4000 ठिपके असतात असे धरा. त्यांतले 44 ठिपके माणसाच्या वाट्याला येतात. डोके हे शरीराच्या उंचीच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढे असते, तेव्हा चेहऱ्याच्या वाट्याला उरले सहा. सहा ठिपक्यांत दोन डोळे, नाक, ओठ आणि आनंद एवढे सगळे बसवणे ब्रह्मदेवालाही जमणार नाही.

आता खांब आहे तिथेच राहू द्या. फोन धरणाराही आहे तिथेच राहू द्या. फक्त माणसांना हाक मारून आपल्यापासून दोन मीटरवर आणून उभे करा. त्याच चौकटीत त्यांचा चेहरा तीनशेहून अधिक ठिपक्यांचा होतो. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत माणूस स्पष्ट दिसतो, आणि मागे तोच ध्वज पूर्वीइतकाच उंच, बुडापासून शेंड्यापर्यंत उभा. चार-पाच माणसे असतील तर तीन मीटर ठेवावे, तरीही दोनशे ठिपके पदरी पडतात. ध्वजाचे काहीही कमी झाले नाही, माणसाचे मात्र पन्नास पटींनी वाढले. फोनचे भिंग लहान असल्यामुळे जवळचा माणूस आणि दूरची वास्तू दोन्ही बऱ्यापैकी रेखीव येतात, ही यंत्राची एक मेहेरबानीच समजायची.

इतकी सोपी गोष्ट सुचत का नाही? माझ्या मते त्याचे कारण आपल्या मनात आहे. वास्तूला पाठ टेकवली म्हणजेच आपण तिथे गेलो होतो हे सिद्ध होते, अशी आपली समजूत झालेली आहे. फोटो हा जणू पंचनामा! परंतु साक्षीदाराला आरोपीच्या मांडीवर बसवण्याची गरज नसते. देऊळ मागे दूरवर असले तरी साक्ष पुरी होते.

हा हिशेब मी नुसत्या हौसेने मांडलेला नाही. आमच्या संघटनेच्या कामात असा प्रसंग वारंवार येतो की, एखादा कामगार अपघातात जातो आणि वारसाचे कागद करायला आम्ही त्याच्या घरी बसतो. कागदापुरता आधार कार्डावरचा फोटो चालून जातो. पण घरच्यांना भिंतीवर लावायला फोटो हवा असतो, आणि तो सापडत नाही. आपल्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचे तर विचारू नका. वर्षातले चार-पाच महिने कारखान्याच्या तळावर जातात. पट्टा पडला, हिशेब झाला, की उरल्या पैशांत पंढरपूर नाही तर तुळजापूर होते, आणि वर्षातला एकमेव मोकळा फोटो तिथे निघतो. त्या फोटोत महाद्वार ठसठशीत आणि माणूस ज्वारीच्या दाण्याएवढा. स्टुडिओवाला तो दाणा वाढवतो. संगणकावर डोळे कोरतो, पांढऱ्या सदऱ्यावर काळा कोट चढवतो. चौकट घरी येते तेव्हा घरची बाई तिच्याकडे बराच वेळ पाहते आणि म्हणते, "हे त्यांच्यासारखे दिसत नाहीत." ज्या प्रवासात माणूस हसला, त्या प्रवासाचा फोटो हाताशी असून चेहरा मात्र हाती लागत नाही.

जुन्या जत्रांतल्या फोटोवाल्याला ही अक्कल होती. त्याच्याकडे रंगवलेला पडदा असे. त्यावर ताजमहाल, देऊळ किंवा विठ्ठल-रखुमाई. पुढे पुठ्ठ्याची मोटार, नाही तर विमान. सुशिक्षित मंडळी त्या पडद्याला हसत आली आहेत. पण त्यातले प्रमाण पाहा. पडद्यावरचा ताजमहाल माणसाच्या खांद्याच्या वर फारसा जात नसे. दहा पैशांच्या गाठोड्यासह आलेला गडी आणि त्याची नवी नवरी चौकटभर उभी असत, आणि जगातली ती सुप्रसिद्ध वास्तू त्यांच्या मागे अदबीने. खऱ्या ताजमहालापाशी गेल्यावर आपण हे प्रमाण उलटे करतो, एवढाच आपला सुधारलेपणा.

नामवंत छायाचित्रकारांचे काम ह्या नजरेने पाहण्यासारखे असते. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची छायाचित्रे वर्षानुवर्षे काढली. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या चित्रांत गटार आहे, कचरा आहे, शहर आहे, पण पाहणाऱ्याला आधी माणूस भेटतो आणि त्याच्यामागून ती जागा. आमच्या चळवळीतले फोटो मात्र बहुधा ह्याच्या उलट निघतात. निवेदन देतानाचा फोटो आठवा : अधिकारी आणि पुढारी एकाच कागदाला धरून कॅमेऱ्याकडे पाहत आहेत, कागद कोरा असला तरी फरक पडू नये, आणि ज्यांच्यासाठी निवेदन ते मागे कुठे तरी.

असो. माणूस जवळ आला की पुढचा प्रश्न उजेडाचा. आपल्या सहली पडतात शाळांच्या सुट्टीत, आणि सुट्टी पडते उन्हाळ्यात. मेच्या मध्यावर सूर्य भर दुपारी जामखेडच्या अगदी डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या बुडातच मुरते. 31 मे रोजी अहिल्यादेवींच्या जयंतीला चौंडीला लोटणारी गर्दी जवळपास ह्याच उन्हात उभी असते. अशा उन्हात कपाळ आणि नाकाचा शेंडा चकाकतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, टोपीच्या किंवा पदराच्या सावलीत अर्धा चेहरा बुडतो. ह्यावर एकच उपाय, सावली शोधणे. तीही विरळ पानांची नको, नाही तर चेहऱ्यावर कवडसे पडून तो देवी आल्यासारखा दिसतो. दाट वडाची चांगली. सर्वांत उत्तम जागा म्हणजे दरवाजाची कमान. कोणत्याही भुईकोटाच्या किंवा वाड्याच्या दरवाजात, उंबऱ्याच्या आत दोन पावले, तोंड बाहेरच्या उजेडाकडे करून माणसाला उभे करा आणि आपण बाहेरून फोटो घ्या. ऊन अंगावर नाही, पण समोरच्या आभाळाचा मऊ उजेड सगळ्या चेहऱ्यावर सारखा पसरतो. पाठीमागे देवडीचा अंधार असल्याने चेहरा उठून दिसतो, आणि कमान आपोआप चौकटीतली चौकट होते. जुन्या घरांत आजीबाई दळण-निवडण करायला दाराशी का बसत, ते ह्यावरून ध्यानात येईल. उजेडाची पारख त्यांना आपल्यापेक्षा जास्त होती.

सकाळी नवाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर ऊन तिरपे व पिवळसर असते, तेव्हा उघड्यावरही चालते. मागे पांढरेफटक आभाळ असले तर फोन सगळ्या चित्राच्या उजेडाची सरासरी काढतो आणि माणसांचे कोळसे करतो. अशा वेळी पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्यावर बोट टेकवावे. यंत्राला कळते की आपल्याला आभाळाशी कर्तव्य नाही. आणि हे सगळे करण्याआधी भिंग सदऱ्याच्या टोकाने पुसावे. तेलकट बोटांच्या ठशातून काढलेले फोटो धुकट आले म्हणून नवा फोन घेणारे लोक मी पाहिले आहेत.

ह्यापुढचा भाग रचनेचा, आणि तो शिकायला वेरूळसारखी शाळा नाही. आठव्या शतकातल्या कैलास लेण्यात, म्हणजे सोळाव्या क्रमांकाच्या लेण्यात, रावण कैलास पर्वत हलवतो आहे असे शिल्प आहे. आपण जातो, त्याच्यापुढे रांगेत उभे राहतो, फोटो घेतो आणि पुढच्या लेण्याकडे पळतो. पाच मिनिटे थांबून ते शिल्प पाहावे. खाली अंधाऱ्या पोकळीत अनेक हातांचा रावण जोर लावतो आहे. वर शंकर शांत, पायाने नुसता दाब देऊन बसलेला. पार्वती घाबरून त्याला बिलगली आहे, आणि दासी पाठ फिरवून पळत सुटली आहे. एकाही व्यक्तीने पाहणाऱ्याकडे तोंड करून ताठ उभे राहण्याचे काम केलेले नाही. प्रत्येकजण त्या एका घटनेशी बांधलेला आहे : कोणी ती घडवतो, कोणी ती सोसतो, कोणी तिच्यापासून पळतो. म्हणून बाराशे वर्षांनंतरही डोळा एका आकृतीवरून दुसरीकडे फिरत राहतो.

आता त्याच शिल्पापुढची आपली रांग पाहा. उंचीप्रमाणे उभे, हात बाजूला, नजर समोर. हा फोटो नव्हे, हजेरीपट आहे. हजेरीपटाचेही काम असते, सगळे आले होते हे त्यावरून समजते. म्हणून एक तसा अवश्य घ्यावा. पण दुसरा फोटो घेताना कुटुंबाला काही तरी करू द्या. आजोबा नातवाला रावणाची डोकी मोजून दाखवत आहेत, पोरगी आईचा पदर धरून वर पाहते आहे, असे क्षण सहलीत शेकड्याने असतात. आपण नेमके त्या वेळी ओरडतो, "अरे, इकडे बघा!" आणि तो क्षण मोडतो. हाक न मारता फोटो घ्यावा. मंडळी बसून शिदोरी सोडतात, भाकरीवर ठेचा वाढला जातो, तेव्हा कोणीही फोटोच्या तयारीत नसते. माझ्या पाहण्यात घराघरांतले सर्वांत आवडते फोटो बहुधा अशाच वेळचे आहेत.

माणसे एकमेकांना टेकलेली असावीत. आपल्याकडे नवरा-बायकोत फोटोपुरते एक हाताचे अंतर राखण्याची रीत आहे. रीतीचा मान राखून मधे एक मूल उभे करावे, अंतर भरून निघते. डोकी एका ओळीत आली की नजर घसरून जाते. दोघांना पायरीवर बसवावे, दोघांना मागे उभे करावे, उंच गड्याला कडेला ठेवू नये. फोनचे भिंग रुंद दृश्य घेणारे असल्यामुळे कडेची माणसे ताणली जातात, आणि कडेच्या मामांचे पोट हकनाक वाढते.

पुष्कळ फोनांत पडद्यावर दोन उभ्या व दोन आडव्या रेघा आणता येतात. चित्राचे तीन तीन भाग पाडण्याची ही युक्ती बरीच जुनी आहे. 1797 साली जॉन टॉमस स्मिथ ह्या इंग्रज चित्रकाराने ग्रामीण दृश्यांवरील आपल्या पुस्तकात तिची शिफारस केली होती. नवशिके लोक तिला वेदवाक्य मानतात. मी तिला सोय मानतो. तिचा खरा उपयोग असा की, माणूस एका उभ्या रेघेवर घेतला तर त्याच्या बाजूला ठिकाणाला जागा मिळते. खर्ड्याचा खांब माणसाच्या टाळूतून उगवायचा टळतो तो असाच. मात्र माणूस डावीकडे पाहत असेल तर मोकळी जागा डावीकडे ठेवावी. नजरेच्या समोरच चौकट संपली तर तो भिंतीला तोंड करून बसल्यासारखा वाटतो. आडवी रेघ तळ्याच्या किंवा माळाच्या काठाशी जुळवावी, म्हणजे पाणी एका बाजूला सांडत नाही. तो काठ कोणाच्या मानेतून गेला, तर आपण दोन इंच खाली वाकावे. बस्स, रेघांचे एवढेच.

ह्याहून मोलाची सवय म्हणजे बटण दाबण्यापूर्वी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवणे, केरसुणी खोलीच्या कोपऱ्यांतून फिरते तशी. पाण्याच्या बाटल्या, पिशव्या, चपलांचा ढीग, कोणा परक्याची कोपरे, हे सगळे तिथेच दडलेले असते. माणूस अर्धा घ्यायचा तर मांडीशी किंवा कमरेशी कापावा. घोट्याशी किंवा मनगटाशी कापला की तो जायबंदी दिसतो. मुलांचा फोटो घेताना आपण त्यांच्याएवढे व्हावे, उकिडवे बसावे. उभ्याने काढलेल्या फोटोत मोठे डोके आणि आखूड पाय येतात, आणि ते मूल कोणाच्या तरी धाकात असल्यासारखे वर पाहते.

हाताच्या अंतरावरून स्वतःच स्वतःचा फोटो काढण्याची चाल आता सर्वत्र रूढ झाली आहे. त्यात आपले नाक मोठे का दिसते, ह्याचा हिशेब सोपा आहे. नाकाचा शेंडा कानापेक्षा चार-पाच इंच पुढे असतो. वीस इंचांवरून पाहिले तर तो कानाच्या मानाने पाव पटीने जवळ. सात फुटांवरून पाहिले तर हा फरक शेकडा सहाच्या आसपास येतो. म्हणजे नाकाचा काही दोष नसतो, दोष अंतराचा. शिवाय ह्या चालीत पाठ नेहमी दृश्याकडे असते, आणि ते दृश्य सौताड्याचा कडा असला तर पुढचे मी सांगायला नको. पावसाळ्यात विंचरणेचे पाणी कोसळू लागले की तिथे काठाशी झुंबड उडते. खडक निसरडा, पोरे मागे सरकतात. काठावरच्या माणसाला "मागे हो" असे कधीही म्हणू नये. चौकट जुळत नसेल तर फोन धरणाऱ्याने हलावे, आणि त्यानेही आधी पायांखाली पाहावे. धबधबा दूर राहिला म्हणून बिघडत नाही, हे आपण ध्वजाच्या हिशेबात पाहिलेच.

आता एका अनुपस्थित व्यक्तीबद्दल. कोणत्याही घरातले सहलीचे शंभर फोटो काढा आणि प्रत्येकजण किती वेळा दिसतो ते मोजा. फोन ज्याच्या हाती, तो कमी दिसतो हे उघड आहे. पण फोन हाती नसूनही घरची गृहिणी कमीच दिसते. ती पोराचे नाक पुसत असते, पिशव्या राखत असते, "तुम्ही उभे राहा, मी आहे इथे" म्हणते. पहाटे तीनला उठून जिने दशम्या केल्या, तिचा सहलीतला पुरावा म्हणजे फोटोच्या कडेला आलेला एक हात. कारखान्यात आम्ही ह्याला हजेरी मारणे म्हणतो. काम केले, नाव लागले नाही. ह्यावर इलाज असा की पिशव्या दुसऱ्याने धराव्यात आणि फोन अधूनमधून तिच्या हाती द्यावा, मुलांच्याही हाती द्यावा. मुले खालून, वेगळ्याच जागेवरून पाहतात आणि कधी कधी आपल्याला लाजवतील असे फोटो काढतात.

सगळे एकत्र हवे असतील तर परक्या माणसाला विनंती करावी लागते. नुसता फोन त्याच्या हाती कोंबू नये. आधी स्वतः तिथे उभे राहून चौकट ठरवावी, जमिनीवर खूण दाखवावी, "दादा, इथूनच घ्या, आमच्या गुडघ्यापर्यंत आले तरी चालेल, मागचा कळस तेवढा सोडू नका" असे स्पष्ट सांगावे, आणि मग जाऊन आपल्या जागी उभे राहावे. तीन-चार घ्यायला सांगावेत, कारण पहिल्यात कोणाचे तरी डोळे मिटलेले असणारच.

बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा एके काळी मध्यमवर्गीय घरांत असे. त्याच्या एका रिळात बारा फोटो निघत. बारांत पंढरपूर बसवायचे, तेव्हा माणूस बटणावर बोट ठेवून विचार करी. आज आपण बाराशे काढतो आणि एकही कागदावर उतरवत नाही. घरी आल्यावर त्यांतले बारा निवडावेत, बाकीच्यांचा मोह सोडावा. निवडलेले दुसऱ्या गावी पाठवायचे तर साध्या रीतीने पाठवू नयेत, व्हॉट्सॲपवर ते आकसतात आणि आपण कष्टाने मिळवलेले तीनशे ठिपके वाटेतच गळतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले की पुरते पोचतात. दोन-तीन तरी स्टुडिओतून कागदावर काढून आणावेत, आणि प्रत्येकाच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने, दाब न देता, ठिकाण, तारीख आणि डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे लिहावीत. ज्याने फोटो काढला, त्याचेही.